रकान्याबाहेरचे म्हातारपण : मोरा बंदर आणि स्मृतिभ्रंशाच्या चळवळीचा इतिहास

उरण शहराला लागून असलेले मोरा हे मुंबई बंदराच्या पूर्वेकडील जुने उतारबंदर असून भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या लाँचचे ते पैलतीर आहे. गाळ साचल्यामुळे मोठ्या ओहोटीला तेथील वाहतूक आजही अडते. ब्रिटिश काळात उरण हा पनवेल तालुक्याचा महाल होता आणि पनवेल तालुका १८८३ पर्यंत ठाणे जिल्ह्यात, त्यानंतर कुलाबा जिल्ह्यात मोडत असे. कुलाब्याचे नाव १९८१ साली रायगड झाले. त्यामुळे मोऱ्याविषयीची जुनी नोंद शोधणाऱ्यास ठाणे, कुलाबा आणि पनवेल अशा तीन ठिकाणची दप्तरे चाळावी लागतात. या दप्तरांत मिठागरे आहेत, मोहाच्या दारूच्या भट्ट्या आहेत आणि बंदरातून होणारी ने-आण आहे, कारण मीठ आणि अबकारी या दोन्ही खात्यांतून सरकारला महसूल मिळत होता आणि जिथे महसूल होता तिथे माप चोख होते. मीठ मणांत मोजले जाई, दारूचा कस काढला जाई. पुढे १९४१ साली मोऱ्यातच ग्राइंडवेल कंपनीचा कारखाना उभा राहिला, ज्यात धार लावण्याची आणि घासकामाची चाके तयार होऊ लागली, आणि कोळी, आगरी कुटुंबांतील माणसे होडी व मिठागराबरोबर कारखान्याच्या हजेरीपटावरही दिसू लागली. याच वस्तीतील जी माणसे उतारवयात स्मरण हरवून बसली त्यांची मात्र कोणत्याही दप्तरात नोंद नाही. ही अनुपस्थिती अपघाताने आलेली नाही. जनगणना, कायदा आणि सार्वजनिक आरोग्य यांनी गेल्या दीडशे वर्षांत जे रकाने आखले त्यांपैकी एकातही हा आजार बसत नव्हता, आणि स्मृतिभ्रंशासाठी झालेल्या स्वयंसेवी प्रयत्नांचा इतिहास हा पुष्कळ अंशी असा रकाना मिळवण्याच्या खटपटीचा इतिहास आहे.

स्मृतिभ्रंश, म्हणजे डिमेन्शिया, हे एका रोगाचे नाव नसून मेंदूच्या निरनिराळ्या विकारांतून उद्भवणाऱ्या लक्षणसमूहाचे नाव आहे. त्यात स्मरण, भाषा, दिशा-काळाचे भान आणि निर्णयशक्ती हळूहळू क्षीण होतात व अखेरीस अंघोळ, जेवण, शौच यांसाठीही माणूस परावलंबी होतो. या विकारांत अल्झायमरचा आजार सर्वाधिक आढळतो. जर्मन मनोविकारतज्ज्ञ आलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली ट्युबिंगन येथे ज्या रुग्ण स्त्रीची हकीगत मांडली ती फ्रँकफर्टच्या रुग्णालयात दाखल झाली तेव्हा अवघी ५१ वर्षांची होती. १९१० साली एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या विकाराला अल्झायमरचे नाव दिले खरे, परंतु तो मध्यमवयातील दुर्मीळ रोग मानला गेला आणि सत्तरी-ऐंशीतील माणसाचे विसरणे हे वार्धक्याचे स्वाभाविक रूप म्हणून वैद्यकाच्या कक्षेबाहेरच राहिले. दोन्ही अवस्था मुळात एकच आहेत आणि म्हणून हा फार मोठ्या लोकसंख्येचा आजार आहे, हे अमेरिकी मज्जाविकारतज्ज्ञ रॉबर्ट कॅट्झमन यांनी ठामपणे मांडले ते १९७६ साली. तेव्हा ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून किंवा म्हातारचळ म्हणून विषय मिटवणारे मराठी घर त्या काळच्या वैद्यकशास्त्राच्या फारसे मागे होते, असे म्हणता येत नाही.

जनगणनेचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. १८८१ ते १९३१ या काळात दर दहा वर्षांनी होणाऱ्या शिरगणतीत ‘व्यंगे’ या सदराखाली चार प्रकारच्या माणसांची मोजणी होत असे : वेडे, मूकबधिर, आंधळे आणि कुष्ठरोगी. वृद्धपणी आलेला विस्मरणाचा विकार यांपैकी कशात धरायचा याचे उत्तर गणकाजवळ नव्हते आणि घरच्यांनाही तो सांगण्याजोगा वाटण्याचे कारण नव्हते. १९०१ ते १९११ या दशकात भारतीयांचे सरासरी आयुर्मान २३ वर्षांच्या आसपास होते, यावरून तेव्हा म्हातारी माणसेच नव्हती असा निष्कर्ष काढला जातो. तो चुकीचा आहे, कारण ही सरासरी मुख्यतः बालमृत्यूंमुळे खाली आलेली होती आणि बालपण निभावलेल्यांपैकी काही माणसे सत्तरीपर्यंत पोहोचत होती. त्यांची संख्या थोडी होती एवढेच.

कायद्याने वेडाचा विचार केला तो दोनच बाजूंनी. १८५८ साली या विषयावर तीन कायदे लागोपाठ झाले. त्यांपैकी चौतिसावा आणि पस्तिसावा हे वेड लागलेल्या माणसाच्या मालमत्तेच्या व्यवस्थेसंबंधी होते, तर छत्तिसावा वेड्यांच्या इस्पितळांसंबंधी होता आणि त्यान्वये रस्त्यावर भटकणाऱ्या किंवा धोकादायक वाटणाऱ्या वेड्यास ताब्यात घेऊन दंडाधिकाऱ्यापुढे उभे करण्याचा अधिकार पोलिसांना मिळाला. १९१२ च्या कायद्याने या तरतुदी एकत्र आणल्या, पण त्यामागची दृष्टी तीच राहिली. ज्याच्याजवळ इस्टेट आहे किंवा ज्याचा रस्त्यावर उपद्रव आहे, त्याच्यापुरताच सरकारचा संबंध. मिठागरावर राबून थकलेली, घराच्या पडवीत बसलेली, कोणाला त्रास न देणारी आणि नावावर काही नसलेली म्हातारी या दोन्ही दारांतून आत येऊ शकत नव्हती.

या व्यवस्थेच्या खुणा मोऱ्याच्या परिसरात आणि कोकणात इतरत्रही सापडतात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मुंबई सरकार वेड्यांना ज्या बुचर बेटावर ठेवत असे, ते मोऱ्यासमोरच्या पाण्यात आहे. आज जवाहर द्वीप या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या बेटावर तेलवाहू जहाजे लागतात. १८२६ च्या सुमारास मुंबईतील कुलाब्यास वेड्यांचे इस्पितळ झाले, १८८६ साली रत्नागिरीस आणि १९०१ साली नरोत्तमदास माधवदास यांच्या नावाने ठाण्यास नौपाड्यात. या इस्पितळांत वृद्ध रुग्ण नव्हते असे नाही, परंतु ते तेथे पोहोचत ते घराबाहेर पडून वाट चुकल्यावर किंवा त्यांना घरात आवरणे अशक्य झाल्यावर.

स्वातंत्र्यानंतर पनवेल परिसरात स्वयंसेवी कामाची जी ठळक केंद्रे उभी राहिली त्यांनीही प्रथम हात घातला तो घराने बाहेर काढलेल्या माणसांच्या प्रश्नाला. नेरे येथील ‘शांतिवन’ हे कुष्ठरोग निवारण समितीचे काम गांधीविचाराच्या कार्यकर्त्यांनी उभारले आणि कालांतराने तेथे वृद्धाश्रमही आला. तारा येथे युसुफ मेहेरअली सेंटरने आरोग्य, शिक्षण आणि ग्रामोद्योगाचे काम केले. कर्जत येथे डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी यांच्या ‘श्रद्धा’ संस्थेने रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना उपचार देऊन त्यांच्या गावी पोहोचवण्याचे काम चालवले, ज्यासाठी डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ साली रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. या कामांचे मोल वादातीत आहे. तरीही एक गोष्ट नोंदवावीच लागते, की दयेला आणि संघटनेला जो रुग्ण प्रथम दिसतो तो घर सुटलेला असतो. स्मृतिभ्रंशाचा रुग्ण बहुधा घरातच असतो आणि त्याच्याबरोबर घरातच अडकलेले दुसरे माणूस असते, बहुतेक वेळा सून, मुलगी किंवा पत्नी.

या दुसऱ्या माणसाने बोलायला सुरुवात केली ती पश्चिमेत १९७०च्या दशकाच्या अखेरीस. कॅनडात १९७८, इंग्लंडमध्ये १९७९ आणि अमेरिकेत १९८० या वर्षी रुग्णांच्या नातेवाइकांच्या संघटना स्थापन झाल्या आणि १९८४ मध्ये त्यांचा आंतरराष्ट्रीय महासंघ, ‘अल्झायमर्स डिसीज इंटरनॅशनल’, अस्तित्वात आला. २१ सप्टेंबर हा जागतिक अल्झायमर दिन या महासंघाने १९९४ पासून पाळण्यास आरंभ केला. भारतात १९९२ साली केरळातील कुन्नमकुळम येथील बालरोगतज्ज्ञ डॉ. जेकब रॉय यांनी ‘अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसॉर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया’, म्हणजे एआरडीएसआय, ही संस्था काढली. त्यांच्या वडिलांना हा आजार झाला होता. या संस्थेच्या शाखा हळूहळू शहरोशहरी निघाल्या आणि मुंबईतही एक निघाली. मुंबईत १९९५ साली स्थापन झालेल्या ‘डिग्निटी फाउंडेशन’ने स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी दिवसभराची केंद्रे चालवली आणि पुढे नेरळ येथे ज्येष्ठांची जी वसाहत केली तिच्यात या रुग्णांच्या शुश्रूषेची सोय ठेवली. २००८ साली आलेल्या ‘सिल्व्हर इनिंग्ज’ने मदतगट आणि जनजागृती यांवर भर दिला. नेरळ रायगड जिल्ह्यातच असले तरी या सोयींचा लाभ घेणारा वर्ग मुख्यतः मुंबईचा आणि ऐपतदार राहिला, हेही तितकेच खरे.

कोकण किनाऱ्यावरच्या सामान्य घराविषयी सर्वांत भरीव माहिती मिळते ती गोव्यातून. १९९८ साली कोचीन येथे संशोधकांचा ‘दहा/सहासष्ट’ नावाचा गट स्थापन झाला. या नावामागचे गणित असे, की जगातील स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांपैकी सुमारे ६६ टक्के विकसनशील देशांत असताना त्यांच्यासंबंधी होणारे संशोधन १० टक्क्यांहून कमी होते. या विचारप्रवाहातील डॉ. विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या गोव्यातील अभ्यासात गावकऱ्यांशी, आरोग्यसेवकांशी आणि रुग्णांच्या घरच्यांशी झालेल्या चर्चांतून दोन निष्कर्ष काढले. पहिला असा, की या आजाराची लक्षणे लोकांना चांगली ठाऊक होती, मात्र तो आजार आहे असे त्यांना वाटत नव्हते. दुसरा अधिक कठोर आहे : म्हाताऱ्या माणसाची ही अवस्था मुलांनी केलेल्या हेळसांडीमुळे किंवा माया न मिळाल्यामुळे होते, असा समज सर्वत्र होता. या समजाचा परिणाम नीट लक्षात घेतला पाहिजे. जी सून दिवसभर सासूचे कपडे बदलते आणि रात्री दाराला कडी आहे ना हे उठून पाहते, तिच्यावरच शेजारपाजार संशय घेतो. म्हणून ती घरातली गोष्ट घरात ठेवते, मदत मागत नाही, आणि गावाच्या दृष्टीने तो आजार पुन्हा अदृश्य होतो. एकत्र कुटुंब म्हाताऱ्यांना सांभाळते हे विधान सरकारी कागदांत अभिमानाने येत असते, पण गोव्याच्या अभ्यासाने त्या अभिमानाखालची ओढाताण प्रथमच सविस्तर उघड केली.

या निदानापाठोपाठ उपायाचा प्रयोगही गोव्यातच झाला. डॉ. अमित डायस आणि सहकाऱ्यांनी तिसवाडी व बार्देश तालुक्यांतील ८१ कुटुंबांवर केलेली चाचणी २००८ साली प्रसिद्ध झाली. तीत काही कुटुंबांना लगेच आणि उरलेल्यांना सहा महिन्यांनंतर मदत देण्याची योजना होती, जेणेकरून दोन गटांची तुलना करता यावी. मदत देणारी माणसे डॉक्टर किंवा परिचारिका नव्हती. स्थानिक बोली बोलणारी, थोडके प्रशिक्षण घेतलेली ही गृहसल्लागार मंडळी घरी जात, आजार म्हणजे काय ते समजावून सांगत, रुग्ण हट्टास पेटला, एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारू लागला किंवा रात्री फिरू लागला तर काय करावे हे दाखवत, ज्येष्ठांसाठीच्या सरकारी योजनांची माहिती देत, कुटुंबांची एकमेकांशी गाठ घालून देत आणि औषधांची गरज दिसल्यास मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवत. सहा महिन्यांनंतर सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण लक्षणीयरीत्या कमी झाल्याचे आढळले. रुग्ण बरा होत नाही हे मान्य करूनही त्याच्या घरासाठी पुष्कळ करता येते आणि ते महागड्या यंत्रणेवाचून करता येते, हे या प्रयोगाने दाखवले. मोऱ्यासारख्या बंदराला हाच नमुना सर्वाधिक जवळचा ठरावा, कारण तेथील कोळीवाड्यात स्मृती-चिकित्सालय निघण्याची शक्यता नजीकच्या काळात दिसत नसली तरी आशा सेविका आजही घरोघर जातेच.

असे असता ही मागणी लोकांमधून का उठली नाही, हा प्रश्न उरण-पनवेल पट्ट्यात अधिकच टोकदार होतो. हा भाग चळवळीला नवखा नाही. १९३० साली चिरनेरचा जंगल सत्याग्रह येथे झाला. सिडकोने नवी मुंबईसाठी केलेल्या भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९८४ च्या जानेवारीत जासई आणि नवघर परिसरात जो लढा झाला त्यात पाच शेतकऱ्यांनी प्राण दिले आणि त्यातून पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व रुजले. परंतु जमिनीच्या लढ्यात ज्याचे नुकसान झाले तोच मोर्चाला येतो. स्मृतिभ्रंशात ज्याचे नुकसान झाले त्याला ते सांगता येत नाही आणि जो सांगू शकतो त्याला घर सोडून तासभरही बाहेर पडता येत नाही. रुग्ण गेल्यावर तो मोकळा होतो, पण तोवर मागण्यासारखे काही उरलेले नसते. या चळवळीची सूत्रे डॉक्टरांच्या आणि सांभाळाचे दिवस सरलेल्या नातेवाइकांच्या हाती राहिली याचे कारण त्या आजाराच्या स्वरूपातच आहे. महाराष्ट्रात गावोगावी पसरलेले ज्येष्ठ नागरिक संघ आणि त्यांचा महासंघ ‘फेस्कॉम’ यांचे बळ मोठे आहे, परंतु सभेला येऊ शकणाऱ्या धडधाकट सभासदांच्या गरजाच ठरावात उतरतात. प्रवासभाड्यातील सवलत, विरंगुळा केंद्र, निवृत्तिवेतन या मागण्या रास्त आहेत आणि त्यांतील काही पदरातही पडल्या. एसटीने २०२२ पासून ७५ वर्षांवरील प्रवाशांना मोफत प्रवास दिला. ज्याला एकट्याने एसटीत बसवणे धोक्याचे आहे त्याच्यासाठी मात्र संघांकडून कधीच तितका रेटा लागला नाही.

जनमत वळवण्याच्या बाबतीत एका मराठी चित्रपटाचा वाटा सांगण्याजोगा आहे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’मध्ये स्मृतिभ्रंश झालेल्या संस्कृत पंडिताची भूमिका डॉ. मोहन आगाशे यांनी केली आणि अमृता सुभाष यांना सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ असल्याने त्यांनी या चित्रपटाचे खेळ चर्चेसह ठिकठिकाणी केले, आणि व्याख्यानाला न येणारा श्रोता चित्रपटाला येतो हा अनुभव कार्यकर्त्यांच्या उपयोगी पडला.

कायद्याच्या क्षेत्रात मिळालेले यश अर्धेच आहे. २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायद्याने प्रांताधिकाऱ्यापुढे अर्ज करून मुलांकडून दरमहा कमाल १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मागण्याची सोय केली. उरण तालुका पनवेल उपविभागात येत असल्याने मोऱ्याच्या अर्जदारास पनवेलची वाट धरावी लागते. परंतु सांभाळणारी मुलगीच थकून गेली असेल तर हा कायदा तिला काही देत नाही. त्याच्या नजरेत कुटुंब हे एकतर कर्तव्यदक्ष असते नाहीतर कसूरवार. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत पार्किन्सनचे नाव आहे, स्मृतिभ्रंशाचे नाही. तो ‘मानसिक आजार’ या सदरात धरावा लागतो, कारण त्याच्या व्याख्येत विचार, भावस्थिती आणि दिशा-काळाचे भान यांबरोबर स्मरणशक्तीचाही उल्लेख आहे. हीच व्याख्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातही आली. या कायद्याने रुग्णाच्या हक्कांची भाषा प्रथमच ठामपणे बोलली, मात्र १८५८ पासून चालत आलेली आणि १९८७ च्या कायद्यानेही जपलेली मालमत्तेवर पालक नेमण्याची तरतूद त्यातून गळली. परिणामी सही करण्याची समज हरवलेल्या माणसाच्या बँकखात्यासाठी किंवा जमिनीसाठी कुटुंबांना उच्च न्यायालयात रिट अर्ज करावा लागतो, आणि मुंबई उच्च न्यायालयाने अशा अर्जांवर पालक नेमलेही आहेत. ज्या पट्ट्यात भूसंपादनाचा मोबदला, साडेबारा टक्क्यांचा भूखंड आणि सातबाऱ्यावरील वारसांच्या सह्या हे घरोघरचे विषय आहेत, तेथे ही त्रुटी केवळ पुस्तकी नाही. जुन्या वसाहती कायद्याची इस्टेटीपुरती का होईना असलेली वाट जिल्हा न्यायालयात होती; नव्या, अधिक सहृदय कायद्याने ती नकळत लांबवली.

धोरणाच्या पातळीवर एआरडीएसआयने २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात देशातील रुग्णांची संख्या ३७ लाख असल्याचा अंदाज मांडून राष्ट्रीय योजनेची मागणी केली. केरळ सरकारने २०१४ मध्ये त्याच संस्थेच्या सहकार्याने ‘स्मृतिपथम्’ हा राज्यस्तरीय उपक्रम हाती घेतला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली स्वीकारलेल्या कृती आराखड्यात २०२५ पर्यंत तीन-चतुर्थांश देशांनी आपापले धोरण करावे असे लक्ष्य ठेवले होते. ती मुदत उलटली तरी भारताचे स्वतंत्र राष्ट्रीय धोरण झाले नाही. महाराष्ट्राने ज्येष्ठ नागरिक धोरण २००४, २०१३ आणि २०१८ असे तीनदा मांडले, पण केरळासारखा स्मृतिभ्रंशापुरता उपक्रम त्यातून निघाला नाही. दरम्यान २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीवरून ६० वर्षांवरील सुमारे ७.४ टक्के भारतीयांना, म्हणजे ८८ लाख माणसांना, हा आजार असल्याचा अंदाज निघाला आणि स्त्रियांत, निरक्षरांत व ग्रामीण भागात त्याचे प्रमाण अधिक दिसले. हा शहरी सुखवस्तूंचा आजार आहे या समजुतीला त्यानंतर आधार उरत नाही.

वृद्धांच्या आरोग्यसेवेच्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली, जो २०१०-११ मध्ये सुरू झाला, जिल्हा रुग्णालयात ज्येष्ठांसाठी स्वतंत्र कक्ष असणे अपेक्षित आहे. रायगडचे जिल्हा रुग्णालय अलिबागला आहे, जिथे मोऱ्याहून जायचे तर करंजा-रेवस तरीने खाडी ओलांडावी लागते किंवा पेणवरून वळसा घालावा लागतो. २०२४ च्या जानेवारीत अटल सेतू खुला झाला आणि रेल्वे उरणपर्यंत आली, तेव्हापासून मुंबईतील तज्ज्ञ अधिक जवळ आला. तथापि गर्दीने गोंधळणाऱ्या रुग्णासाठी जवळ-दूर हे मिनिटांत मोजता येत नाही. उरणमध्येच मोठे रुग्णालय व्हावे ही मागणी स्थानिक मंडळी अनेक वर्षे करीत आली आहेत. या सर्व पार्श्वभूमीवर आशा सेविका जो तपासणी-तक्ता भरतात त्याची दखल घेणे आवश्यक आहे. मुख्यतः मधुमेह, रक्तदाब आणि कर्करोग यांच्या चाचपणीसाठी तयार केलेल्या या तक्त्याच्या सुधारित रूपात साठीपुढच्या माणसांसाठी काही प्रश्न घातले गेले, आणि त्यांत एक असा आहे : जवळच्या माणसांची नावे किंवा स्वतःच्या घरचा पत्ता तुम्ही विसरता का? उत्तर ‘हो’ आल्यास त्या व्यक्तीस आरोग्य अधिकाऱ्याकडे पाठवायचे असते. शिरगणतीच्या चार व्यंगांत जो बसला नाही त्याच्यासाठी एक रकाना अशा रीतीने सरकारी कागदावर आला आहे. त्या अधिकाऱ्याने पुढे काय करावे, कोणते प्रशिक्षण घ्यावे आणि घरी सांभाळणाऱ्या बाईकडे कोणी किती दिवसांनी जावे, हे ठरवून घेणे हे आता महाराष्ट्रातील स्वयंसेवी संस्थांपुढचे काम आहे, आणि गोव्यातील ८१ कुटुंबांचा अनुभव त्यासाठी हाताशी आहे.